"तुम्हाला जमणार नाही" हे ठरवलं कोणी?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि अर्धी वाचून "दादा काळजी घ्या" अशी कमेंट टाकू नका, त्याचा मला काही उपयोग नाही.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती, तुम्हीही पाहिली असेल. चाकणच्या एका कंपनीत अर्जंट भरती. स्टोअर असिस्टंट आणि क्वालिटी चेकर, बारावी पास, अनुभव असल्यास प्राधान्य, बस आणि कँटीन सोय. शेवटी एक ओळ होती, "उमेदवार शारीरिकदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त असावा". कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्याकडे आता कागद नाहीत आणि कोर्टाच्या चकरा मारायला पैसेही नाहीत. पण ही तीच कंपनी, जिच्या प्रेसवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं २०१९ साली गेली.

मी गेलो. मुद्दाम गेलो असं नाही, खरंच काम पाहिजे होतं. राजगुरुनगरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दुकान चालतं, पण दोन पोरांची फी निघेल इतकं चालत नाही. स्टोअरमध्ये काय काम असतं ते मला पाठ आहे. आलेला माल मोजायचा, बारकोड स्कॅन करायचा, रॅकला लावायचा, कॉम्प्युटरवर एन्ट्री मारायची. जड पेट्या फोर्कलिफ्ट उचलते, माणूस नाही. मी डाव्या हाताने टायपिंग करतो, दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म भरतो.

गेटच्या केबिनमध्ये एचआरचा मुलगा बसला होता. वय असेल चोवीस-पंचवीस. वागायला चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्याने अनुभव वाचला, "अरे वा, आपल्याकडेच होता का तुम्ही" म्हणाला. मग मी सही करायला हात टेबलावर ठेवला आणि त्याचं बोलणं बंद झालं. "सर, तुम्हाला नाही जमणार हे." मी विचारलं, काय जमणार नाही? करून दाखवतो, स्कॅनर द्या. तो म्हणाला, "तसं नाही सर, सेफ्टीचा इश्यू होतो."

सेफ्टी हा शब्द त्या गेटवर माझ्या तोंडावर फेकला गेला, म्हणून ही पोस्ट.

सेफ्टीचं सांगतो. ज्या प्रेसवर मी होतो, तिला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा डाय खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. साधी आणि शंभर टक्के चालणारी गोष्ट. पण दोन बटणं दाबायची म्हटलं की तासाला नग कमी निघतात. म्हणून आमच्या लाईनवर बटणं बंद करून पायाचं पॅडल जोडलं होतं. हाताने पत्रा ठेवायचा, पायाने मारायचं. सुपरवायझरला माहीत होतं, मेंटेनन्सला माहीत होतं, मला पण माहीत होतं. १४ ऑगस्ट, दुसरी पाळी, साडेनऊला वगैरे. पुढचं लिहीत नाही, आई वाचते माझ्या पोस्ट.

तर त्या दिवशी ज्यांना सेफ्टी आठवली नाही, त्यांना ती सहा वर्षांनी आठवली. आणि तीही माझ्या विरोधात.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण यात माझी चूक पण आहे. मी कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर होतो. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग ब्रेक, मग परत. आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या पोरांना हे सांगायची गरज नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट ३० नोव्हेंबरला संपत होतं. मी तेव्हा ईएसआयच्या रजेवर होतो, हाताला दुसरं ऑपरेशन झालेलं. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घरी आला, पेढे घेऊन आला हे विशेष. म्हणाला, बरं झालं की बघू, आता फुल अँड फायनलवर सही करा, पैसे अडकायला नकोत. मी डाव्या हाताने सही केली. आयुष्यातली डाव्या हाताची पहिली सही ती.

मला तेव्हा ईएसआय कायद्याचं कलम ७३ माहीत नव्हतं. त्यात लिहिलं होतं की कामगार तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता घेत असेल त्या काळात मालक त्याला काढू शकत नाही, पदावरून खाली आणू शकत नाही, शिक्षा करू शकत नाही. तशी नोटीस दिली तरी ती चालत नव्हती. हे मला कळलं २०२२ मध्ये, दुकानात एका गिऱ्हाइकाची कागदपत्रं स्कॅन करताना. तीन वर्षं उशिरा. नंतर एका वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्हाला काढलंच नाही हो त्यांनी, तुमची मुदत संपली. यावर भांडता आलं असतं, पण तुम्ही सही करून बसलात."

काढलं नाही, मुदत संपली. या चार शब्दांवर आपल्याकडे किती संसार मोडलेत, बघा. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपात कशाला म्हणायचं याची व्याख्या होती. त्यातून वगळलेल्या गोष्टींत या दोन होत्या. एक, करार संपून नवा न होणं. दोन, सततच्या आजारपणामुळे काढणं. म्हणजे हात गेलेल्या माणसाला बाहेर घालवायला दोन दरवाजे तयारच. आणि कपात झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीच्या वेळी आधी बोलवायचं असा जो नियम होता, कलम २५ एच, तो फक्त "कपात" झालेल्यांना. ज्याची मुदत संपली त्याची कपात झालीच नाही, मग त्याला आधी बोलवायचं कशाला? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात ठरलेल्या मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी वगैरे मिळते, ते चांगलंच आहे. पण मुदत संपणं म्हणजे कपात नव्हे, हा दरवाजा तिथेही उघडाच ठेवलाय.

सरकारी नोकरीत असतो तर? माझे एक मामा एसटीत ड्रायव्हर होते. डोळ्यांचं दुखणं निघालं, गाडी काढून घेतली, पण डेपोत दुसरं काम दिलं. पगार तोच. रिटायर होईपर्यंत घर चाललं. मी लहान होतो, वाटायचं साहेब चांगले म्हणून दिलं. नंतर समजलं की यात कुणाच्या चांगुलपणाचा संबंध नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात कलम ४७ होतं आणि आताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. जागाच नसेल तर त्याच्यासाठी जादा पद तयार करायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. २००३ साली कुणाल सिंग नावाच्या जवानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे ठणकावून सांगितलं. त्याचा पाय कापावा लागला होता आणि खात्याने अनफिट म्हणून घरी पाठवलं होतं. कोर्ट म्हणालं, घरी पाठवता येणार नाही.

अजून ताजं उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०२५ चा निकाल. तेलंगणाच्या एसटी महामंडळात २०१४ साली ड्रायव्हर म्हणून लागलेला एक माणूस, त्याला रंग नीट ओळखू येत नाहीत असं तपासणीत निघालं. महामंडळाने वैद्यकीय कारणावरून घरी बसवलं. पर्यायी काम द्या म्हणाला, दिलं नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, आठ आठवड्यांत परत कामावर घ्या, ड्रायव्हरच्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्या, मधल्या काळाच्या थकबाकीतले २५ टक्के द्या. आणि हे कशाच्या जोरावर? दिव्यांग कायद्याच्या यादीत रंगांधळेपणा येत नाही. त्याला वाचवलं १९७९ साली युनियनने महामंडळाशी केलेल्या एका कराराने. त्यात एक कलम होतं, रंगांधळ्या ड्रायव्हरला दुसरं काम द्यायचं. कुणीतरी जुन्या काळच्या कार्यकर्त्याने टेबलावर हात आपटून ते कलम घालून घेतलं असणार. ज्या दिवशी घातलं त्या दिवशी हा माणूस महामंडळात नव्हताच.

आपल्या पट्ट्यातल्या युनियनवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. वेतनवाढीचा करार झाला की तुम्ही ढोल लावता, गुलाल उधळता, आम्ही पण नाचलोय त्यात. पण त्या करारात "अपघातात जायबंदी झालेल्याला पर्यायी काम" अशी एक ओळ कितीजणांनी घातली? आणि कंत्राटी पोरांसाठी? ते तुमचे सभासदच नाहीत, हे माहीत आहे मला. तरी विचारतो.

खाजगी कंपनीला कलम २० मधलं ते संरक्षण लागू नाही. इथेच सगळी मेख आहे. पण याचा अर्थ खाजगीवाल्यांना रान मोकळं आहे असा नाही, आणि हे एचआरच्या पोरांना कुणी शिकवत नाही. कायद्याचं कलम ३ सगळ्यांना धरून आहे. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खाजगी धरून, समान संधी धोरण तयार करून जाहीर करायचं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात दिव्यांगांना कुठली पदं योग्य आहेत, काय सोयी देणार, हे लिहायचं आणि त्यासाठी एक अधिकारी नेमायचा. ते वेबसाईटवर नाहीतर सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावायचं. मी त्या गेटवर तासभर बसलो होतो. भिंतीवर क्वालिटी पॉलिसी होती, पर्यावरण पॉलिसी होती, तंबाखूबंदीचा बोर्ड होता, गणपतीचा फोटो होता. ही पॉलिसी नव्हती.

कलम ३ मध्ये एक पळवाट आहे, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडली. एखादं योग्य उद्दिष्ट गाठण्यासाठी तेवढ्याच प्रमाणातलं बंधन असेल तर तो भेदभाव धरत नाहीत. म्हणजे मी म्हणालो की मला परत त्याच प्रेसवर उभं करा, तर कंपनी नाही म्हणू शकते आणि तिचं बरोबर असेल. मी पण मला तिथे उभं करणार नाही. पण स्टोअर? बारकोड स्कॅनर? २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे की अशी तक्रार आली तर आस्थापनेच्या प्रमुखाने एक तर कारवाई करायची, नाहीतर हे बंधन का योग्य आहे ते तक्रारदाराला लेखी कळवायचं. लेखी. गेटवरच्या केबिनमध्ये "सेफ्टीचा इश्यू" असं पुटपुटून चालत नाही.

काही लोक मला सांगतात, तुझं तर चाळीस टक्के पण नाही. बरोबर आहे. सिव्हिलच्या बोर्डाने माझं ३२ टक्के लिहिलं, माझं यूडीआयडी कार्ड पांढऱ्या रंगाचं आहे. चाळीसच्या वरच्यांचं पिवळं, ऐंशीच्या वरच्यांचं निळं. पण चाळीसची अट आहे ती आरक्षणाला आणि काही योजनांना. भेदभाव न करण्याला टक्क्याची अट नाही. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा, त्याला लेखनिक पाहिजे होता, आणि आयोग म्हणत होता तू चाळीस टक्क्यांत बसत नाहीस. कोर्टाने आयोगाचं ऐकलं नाही. गंमत बघा, नोकरी नाकारताना माझा हात शंभर टक्के निकामी असतो आणि हक्क मागायला गेलं की तो बत्तीस टक्केच निघतो.

आणि ईएसआयच्या हिशेबात तोच हात तीस टक्के आहे. एका हाताची तीन बोटं म्हणजे कमाईची ताकद ३० टक्क्यांनी गेली, असं तक्त्यात छापलंय. त्यावरून मला महिन्याला तीन हजार आठशेच्या आसपास मिळतात. सरकारच्या तक्त्याप्रमाणे माझी ७० टक्के कमाईची ताकद शाबूत आहे. मग ती विकायची कुठे? कायद्याने पेन्शन देताना असं गृहीत धरलंय की उरलेलं हा माणूस कमवेल. आणि कमवायला गेलं की गेटवर अडवतात.

आता "आजकाल सगळेच दिव्यांग झालेत" म्हणणाऱ्यांसाठी. २०२४ मध्ये पुण्यातल्या त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं प्रकरण गाजलं, यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस यूडीआयडीचा फॉर्म बघून हसतो. खोटे सर्टिफिकेटवाले पकडा, नोकरीवरून काढा, माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण त्यांनी माझ्याच माणसांची जागा खाल्लीय. पण त्यांचा राग आमच्यावर का? माझी बोटं कुठल्या एजंटने पाच हजार घेऊन कापली नाहीत.

आणि हे फक्त कंपन्यांचं आहे असं समजू नका. गेल्या जूनमध्ये एक ताई फॉर्म भरायला आल्या होत्या. एका खाजगी शाळेत नऊ वर्षं गणित शिकवत होत्या. ऐकू कमी यायला लागलं, कानाला मशीन लावलं. त्या वर्षीचा निकाल नेहमीसारखाच चांगला. पण जूनमध्ये त्यांना बोलावलंच नाही. दरवर्षी नवीन ऑर्डर निघायची, यंदा निघाली नाही. विचारलं तर संस्थेवाले म्हणाले, "मॅडम, पालक काय म्हणतील?" काढलं नाही, बोलावलं नाही. नऊ वर्षांच्या नोकरीचा शेवट एका न आलेल्या फोनने. त्या बाई माझ्यासमोर रडल्या नाहीत. फॉर्मची प्रिंट नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि सुट्टे पैसे मोजून दिले.

मी नेत्यांवर सहसा लिहीत नाही, दुकान चालवायचंय. पण एक विचारतो. "भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या" म्हणून गेटसमोर मोर्चे निघतात, टायर पेटतात. मी पण गेलोय अशा मोर्च्यात, दोन्ही हात वर करून घोषणा दिल्यात. मग बोटं गेलेला भूमिपुत्र कुणाचा? त्याच्यासाठी ३ डिसेंबर. शाल, नारळ, तीनचाकी सायकलसोबत फोटो. मला एकदा बोलावलं होतं. मी सायकलचं काय करू, माझे पाय धड आहेत. नोकरीचं पत्र द्या म्हणालो तर माईक काढून घेतला.

दंडाचं पण ऐकून ठेवा, म्हणजे कंपन्या का घाबरत नाहीत ते कळेल. दिव्यांग कायदा मोडला तर पहिल्या वेळी दंड दहा हजारापर्यंत. पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख. पहिल्या वेळेचा दहा हजार म्हणजे त्या कंपनीच्या दिवाळीच्या लायटिंगचं एका रात्रीचं बिल नसेल.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. शेजारच्या गावातला एक पोरगा, वय तेवीस, दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हाताला लागलं. कंपनी दुसरी, गोष्ट तीच. अजून ईएसआयचा भत्ता चालू आहे. त्याचं कॉन्ट्रॅक्ट ३१ तारखेला संपतंय. परवा त्याच्या घरी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस येऊन गेला. पेढे नव्हते, बाकी सगळं तेच. नशीब, पोराच्या बहिणीने माझी जुनी एक पोस्ट वाचली होती, तिने सही करू दिली नाही.

आम्ही दोन अर्ज तयार केलेत. एक कंपनीच्या प्रमुखाला, एक कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे "तो आमचा कामगारच नाही" असं एकमेकांकडे ढकलायला जागा नको. भत्ता चालू असताना काम संपवू नका, बरा झाल्यावर जमेल ते काम द्या, आणि देणार नसाल तर का नाही ते लेखी कळवा, एवढंच मागितलंय. एक प्रत ईएसआय ऑफिसला आणि एक पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाला पोस्टाने जाईल. पोहोच घेतल्याशिवाय गेटवरून हलायचं नाही असं ठरलंय.

सोमवारी सकाळी साडेदहाला एसटी स्टँडसमोरून निघतोय. पोराचे वडील, बहीण आणि मी, असे तिघं नक्की. कुणी वकील असेल, युनियनमधलं कुणी असेल, गावचे सरपंच असतील तर या. घोषणा द्यायच्या नाहीत, फक्त पोहोच घेताना चार माणसं मागे उभी पाहिजेत. आणि तुमच्या घरात कुणाला लागलं असेल, कुणी कागद पुढे करून "सही करा" म्हणत असेल, तर सही करायच्या आधी दुकानात या. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.